साहेबाचं स्प्रॉगल

चहात पानं पडतात म्हणून डब्सन साहेबाने आमच्या गावची चिंच तोडायचा हुकूम काढला. थाप वाटत असेल, तर चिंच अजून उभी आहे, येऊन बघा!

गावाने हातापाया पडून पाहिलं. साहेब मिशीत हसला. "माझ्या विलायतेतल्या खेड्यात एक शब्द आहे, 'स्प्रॉगल'. लंडनवाल्यांनाही तो कळत नाही. अर्थ सांगा, झाड वाचवा."

लोकांनी भोपळ्यापासून भुतापर्यंत सगळं सांगितलं. साहेबाचं आपलं एकच, "चूक!" कुऱ्हाडी आल्या.

तेवढ्यात ठकूमावशी पदर खोचून पुढे झाली. "एवढंच होय? सायेब, स्प्रॉगल म्हणजे आमचं लुबडुंग! लहान असलं तर लुबडी, नि फार माजलं तर लुबडोबा."

"चूक!"

"चूक कसं? लुबडुंग म्हणजे काय, ठाऊक हाय तुम्हाला?"

साहेब गडबडला. "नाही. काय असतं?"

"अवो, स्प्रॉगल!"

गाव हसून लोळलं. लुबडुंगच ठाऊक नाही, तर साहेब चूक तरी कसं म्हणणार? कुऱ्हाडी परत गेल्या. जाता जाता त्याने हळूच विचारलं, "मावशी, लुबडोबा चावतो का हो?"

मावशी म्हणाली, "तुमचा चावतो का?"