धूळपाटी आणि कुंभाराचे हात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दगडी पाटीसुद्धा निघाली नव्हती. मुलं लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तिच्यात बोटाने अक्षरं काढायची. तिला म्हणत धूळपाटी.

त्या राज्यात कुणीही उठावं आणि पंतोजी व्हावं, असं चालत नसे. उमेदवाराने आधी दोन गावांच्या शाळांत जुन्या पंतोजींच्या हाताखाली एकेक वर्ष शिकवायचं. वर्ष सरलं की पंतोजी उमेदवाराला काहीच विचारत नसत. ते मुलांकडून लिहून घेत. दोन्ही गावांत मुलं अडली, तर उमेदवाराने घरची वाट धरायची.

एका कुंभाराच्या मुलाला लहानपणापासून पंतोजीच व्हायचं होतं. तो पहिल्या गावी गेला. घरी चाकावर मातीला आकार देण्याची सवय, तीच त्याने शाळेत चालवली. प्रत्येक मुलाचं बोट धरून तो अक्षर काढायचा. धूळपाट्या अशा देखण्या दिसू लागल्या, की गावकरी मुद्दाम बघायला येत. स्वारी खूश होती.

वर्षअखेरीला पंतोजी म्हणाले, "धूळ सारखी करा आणि 'अ' काढा."

मुलांनी धूळ सारखी केली. मग साऱ्यांनी आपापला उजवा हात त्याच्यापुढे धरला आणि सारी शांतपणे वाट बघत बसली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंतोजी रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, मातीला कुंभाराचा हात लागतो. पोरांना देवाने स्वतःचे हात दिलेत."

दुसऱ्या गावी तो हात पाठीमागे गुंफूनच वर्गात बसू लागला. अक्षर एकदा काढून दाखवी, दहादा तोंडाने सांगी, पण बोट धरत नसे. हात फार शिवशिवायचे. पाट्यांवर नुसते कोंबडीचे पाय उमटत. "हा बसून भाकऱ्या मोडतो," असं लोक बोलू लागले. ते त्याला लागलं.

तिथे तेल्याची एक मुलगी होती. तिचा 'अ' काही केल्या उभा राहीना. एके दिवशी न राहवून त्याने हात पुढे केला. तिने पाटीच बाजूला ओढली.

"थांबा गुरुजी. माझं मला सापडतंय."

त्याने हात मागे घेतला.

वर्ष संपलं. तिथल्या पंतोजींनी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. तिने 'अ' काढला, तो चुकला. आता घरची वाट, असं त्याला वाटलं. मागे त्याची बोटं एकमेकांत रुतली, पण हात सुटले नाहीत. मुलीने पाटीकडे निरखून पाहिलं, चुकलेलं स्वतःच पुसलं आणि पुन्हा काढलं. अक्षर जरा वाकडं होतं, पण 'अ'च होता.

पंतोजींनी पाटी पाहिली, मग त्याच्या पाठीमागे जाऊन ते गुंफलेले हात पाहिले. आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी त्याच्या खांद्यावर घातलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पुढे तो मोठा पंतोजी झाला. नवा उमेदवार आला, की तो त्याला सगळ्यात आधी हात मागे बांधून बसायला शिकवी.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याने हात धरून काढलेलं अक्षर हात सुटताच पुसलं जातं, स्वतः चुकत काढलेलं जन्मभर टिकतं.