बुधाजी आबांचं ‘कोपसेटिक’

समुद्राकाठच्या एका गावात बुधाजी नावाचे एक म्हातारे खलाशी राहत. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. तरुणपणी ते एका अमेरिकन जहाजावर कामाला होते. वीस वर्षांनी परत आले ते एक पत्र्याची ट्रंक, एक दुखरा गुडघा आणि एक शब्द घेऊन. ट्रंक आणि गुडघा कुणाच्या कामाचे नव्हते. शब्द मात्र गावाने उचलला.

शब्द होता ‘कोपसेटिक’. जहाजावरचा मुकादम दोर, गाठी, झाकणं एकेक करून तपासायचा आणि सगळं जिथल्या तिथे असलं तरच हा शब्द उच्चारायचा. सुंदर म्हणजे कोपसेटिक नव्हे, महाग म्हणजेही नव्हे. काही कमी नाही, काही लपवलेलं नाही, निर्धास्त जा, असा त्याचा अर्थ.

नारळी पौर्णिमेआधी गावात होड्यांची डागडुजी चाले. होडी वाळूवर टेकवून तिच्यात घागरी घागरी पाणी ओतायचं आणि बाहेरून कुठे पाझरतं ते बघायचं, अशी तिथली रीत. आबा गुडघ्याला शिव्या देत होडीखाली शिरत आणि प्रत्येक सांधीवरून उघडा तळहात फिरवत. हात कोरडा राहिला, की फळीवर थाप मारून म्हणत, “कोपसेटिक!” मगच कुणी नारळ हातात घेई.

हळूहळू गावाला त्या शब्दाची चटकच लागली. सासू सुनेच्या घावनाला कोपसेटिक म्हणू लागली. लग्नं जुळवणारे तर डोळे मिटून म्हणत, मग नवऱ्यामुलाच्या तोंडात चारच दात का असेनात! आबा चिडत. “असो शब्द उधळू नकात रे!” म्हणून ओरडत. त्यांचं चिडणंही गावाला गोड लागे.

आबांची एकुलती एक नात मथुरा. वर्षानुवर्षं सुकी मासळी विकून तिने आणि तिच्या नवऱ्याने दूरच्या बंदरातून एक होडी आणली. काळीभोर, चकचकीत डांबर लावलेली. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात जायची होती. मथुरा नवं लुगडं नेसून नारळ घेऊन उभी राहिली. सगळा गाव किनाऱ्यावर जमला.

त्यात दुकानदाराचा शिरीषही होता. अमेरिकेत शिकून नुकताच आला होता. पोर मनाने चांगलं, पण जिभेला लगाम नाही. तो हसत म्हणाला, “आबा, हा शब्द आता तिकडे फारसा कुणी बोलत नाही हो! तो म्हाताऱ्यांच्या जमान्यातला. तरुण पोरं हसतील तुम्हाला.”

लोकही हसले. आबांचा चेहरा उतरला. जपून ठेवलेली वस्तू कुणीतरी भंगारात टाकावी, तसं त्यांना झालं. गुडघा धरत ते पाण्याने भरलेल्या होडीखाली शिरले.

मागच्या बाजूला, अगदी तळाशी, त्यांचा हात ओला झाला. ओल तळहाताएवढीच होती. त्यांनी पुसली, थांबले, पुन्हा हात लावला. पुन्हा ओल.

“घाम असतलो तुमचोच,” एकजण म्हणाला.

“म्हणान टाका हो आबा. जुन्या शब्दाक वजन ता कितक्या?” दुसरा म्हणाला.

मथुरेने आजोबांकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. “आबा, माझ्यासाठी तरी म्हण मां!”

आबांचा जीव तुटला. या पोरीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं. पण ते एवढंच बोलले, “शब्द जुनो झालो म्हणान पाणी आत येवचा थांबता काय?”

बाकीच्या होड्या गेल्या. मथुरेची वाळूवरच राहिली. ती पाठ फिरवून घरी गेली आणि दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. आबांना ते दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मथुरेलाच राहवलं नाही. तिने नवऱ्याकडून ती फळी उचकटून घेतली. डांबराखाली लाकूड किडीने पोखरलं होतं. तिचं बोट फळीतून आरपार गेलं. नवरा मटकन वाळूत बसला. याच होडीतून तो आणि त्याचा धाकटा भाऊ खोल समुद्रात जाणार होते.

मथुरा धावत आबांकडे आली. “माका वाटला, तुझी माया कमी झाली!”

“माया होती म्हणानच गप रवलंय,” आबा म्हणाले.

नवी फळी बसली. शिरीषने स्वतः घागरी वाहून होडी भरली. आबा मात्र जागचे हलले नाहीत. “आज तू बघ, आणि तूच सांग,” ते नातीला म्हणाले.

मथुरेने सगळ्या सांधींवरून हात फिरवला. हात कोरडा होता. लोक कान देऊन उभे राहिले. शब्द तिच्या ओठांवर आला, पण तिने तो गिळला. पदर खोचून ती पुन्हा एकदा होडीखाली शिरली आणि पहिल्यापासून सगळं तपासू लागली.

ते पाहून आबांना रडू आलं. आपण गेल्यावर आपला शब्द कोण सांभाळेल, ही काळजी त्यांची तिथेच मिटली.

बऱ्याच वेळाने मथुरा बाहेर आली. तिने फळीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाली, “कोपसेटिक!”

दोघे भाऊ निर्धास्तपणे होडीत चढले.

तात्पर्य: शब्द जुना झाला म्हणून हलका होत नाही; जो आपल्या लाडक्या माणसासाठीही तो खोटा वापरत नाही, त्याच्याच शब्दावर जीव सोपवता येतो.