मेघदंतीची मूठ

“पण वस्ताद, ही तलवार आहे की खेळणं, एवढं तरी सांगा.”

हिंदुराव वस्ताद खोऱ्याचा दांडा तासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

…

सौमित्र दिघे हे तिसऱ्यांदा विचारत होता. पुण्याचा गडी. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी चित्रं काढायचा. एका खेळातल्या राणीसाठी त्यानं ही तलवार काढली, तिचं नाव मेघदंती ठेवलं. मुठीच्या वर ड्रॅगनचे दोन पंख, शेवटाला निळा खडा, आणि मूठ गोल, पितळी, वर बारीक खवले. पडद्यावर लाखो लोक तिनं डोंगर चिरत होते.

मग ती खरीखुरी असावी असं याच्या डोक्यानं घेतलं. एका लोहाराकडून अस्सल पोलादात घडवून घेतली, धार लावून घेतली. एका शस्त्रप्रदर्शनात मोठ्या हौसेनं नेली, तर तिथल्या एका गृहस्थांनी ती दोन बोटांत उचलली आणि म्हणाले, “छान खेळणं आहे.”

ते त्याला फार लागलं. जेवण गोड लागेना, झोप लागेना. कुणीतरी सांगितलं, कोल्हापुरात हिंदुराव सुतार म्हणून वस्ताद आहेत, त्यांनी एकदा तलवार म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. याला तेवढं एकच वाक्य हवं होतं. ते घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, असा बेत होता.

त्याला आज चार दिवस झाले होते.

वस्तादांचं वय बहात्तर. सकाळी तालमीत मर्दानी खेळ शिकवायचे, दुपारी शेजारच्या छपरात सुतारकाम. पहिल्या दिवशी त्यांनी तलवारीकडं पाहिलंसुद्धा नाही. जमिनीत रोवलेल्या केळीच्या खुंटाकडं बोट केलं.

“कापून दावा, पाव्हणं.”

सौमित्रनं ऐटीत वार केला. खुंट वाकला, चिंध्या झाल्यासारखा फाटला आणि तलवारीसकट आडवा पडला. तालमीतले गडी सभ्यपणे दुसरीकडं बघत राहिले. हसले असते तर परवडलं असतं.

दोष अर्थातच मुठीचा होता. त्यानं मुठीवर चामडं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तीच गत. मग क्रिकेटच्या बॅटचं रबर चढवलं. तिसऱ्या दिवशी तलवार हातात फिरली आणि पात्याची सपाट बाजू खुंटावर बसली. कुणी पाठीत धपाटा घालावा तसा आवाज झाला. त्या दिवशी मात्र गडी मनापासून हसले.

म्हणून हा प्रश्न. आता एकतर उत्तर मिळायचं, नाहीतर तोंड पाडून पुण्याला जायचं.

वस्तादांनी दांडा खोऱ्यात ठोकून बसवला. सौमित्रचा उजवा हात ओढून उताणा केला, अंगठ्यानं चाचपला.

“काय धरलंय ह्या हातानं?”

“पेन. पडद्यावर चित्र काढायचं.”

…

“ह्ये धरा. आखाड्याची माती मळायचीय.”

आणि नवं खोरं त्याच्या हातात आलं.

तलवारीसाठी एवढ्या लांबून यायचं आणि माती ओढायची, हे सौमित्रला झोंबलं. पण नाही म्हणायचं धाडस होईना. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद ओतलेली. पहिला तासभर आपण कसे दिसतोय याचाच विचार डोक्यात. दुसऱ्या तासाला तो विचार घामाबरोबर वाहून गेला. तिसऱ्या तासाला गडी चक्क गुणगुणत होता. माती पायाखाली मऊ होत होती, तेलाहळदीचा वास सुटला होता, आणि का कोण जाणे, त्याला फार बरं वाटत होतं.

“थांब. हात काढू नगंस.”

वस्ताद मागं कधी येऊन उभे राहिले, त्याला कळलं नव्हतं. पाव्हणं म्हणणं सुटलं होतं, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

वस्तादांनी सुतळी काढली. दांड्यावर त्याची बोटं जिथं होती तिथं पेन्सिलीनं खुणा केल्या, घेर मोजला, सुतळीला गाठी मारल्या.

“खोऱ्याच्या दांड्याचं माप तलवारीला लावणार?” सौमित्रनं विचारलं.

“तलवार तू फोटोसाठी धरत हुतास. ह्ये न्हाई धरलंस फोटोसाठी.”

छपरात आल्यावर त्यांनी रबर-चामडं सोलून पितळी मूठ ठोकून काढली. सौमित्रचा हात नकळत पुढं झाला. ते खवले काढायला त्याला अकरा दिवस लागले होते. वस्तादांनी मूठ तळहातांत घोळवली.

“गोल हाय.”

“सगळ्या बाजूंनी सारखी दिसावी म्हणून…”

“कुऱ्हाडीचा दांडा कवा गोल बगितलास? गोल दांडा हातात फिरतुया. धार कुणीकडं त्वांड करून हाय, ह्ये हाताला कळाय नगं?”

सौमित्रनं मूठ हातात फिरवून पाहिली. इतकी साधी गोष्ट ना त्याला सुचली होती, ना लोहाराला. लोहारानं चित्रात होतं तसं केलं होतं.

वस्तादांनी बाभळीच्या दोन फळ्या घेतल्या आणि सुतळीच्या मापानं चपट्या, लांबट गोलाईत तासून, पंख आणि खडा तसेच ठेवून मधे बसवल्या. वर सुती दोरी गुंडाळायचं काम सौमित्रला दिलं. त्यानं गुंडाळली, वस्तादांनी उलगडली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा उलगडली. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, आणि सौमित्रला परीक्षेत पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा खुंट रोवला. गडी कडेनं उभे राहिले.

सौमित्रनं मेघदंती उचलली. या वेळी ती हातात चपखल बसली. त्यानं वार केला.

…

दह्यातून पळी जावी तशी ती गेली. हाताला काही लागलंच नाही. आपला वार चुकला असं त्याला वाटलं, तेवढ्यात खुंटाचा वरचा तुकडा मातीवर पडला. काप अगदी सपाट, पाण्यानं चमकणारा.

सौमित्र खुळ्यासारखा हसत सुटला. गड्यांनी पाठीवर थापा मारून त्याला बेजार केलं. त्यानं दुसरा तुकडा उडवला, तिसरा उडवला, खुंट संपला तेव्हा नवा मागितला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मग तो धापा टाकत वस्तादांपुढं आला. दोन्ही हातांवर तलवार आडवी धरली.

“आता सांगा वस्ताद. तलवार की खेळणं?”

वस्तादांनी ती घेतली. तोलून पाहिली. ड्रॅगनच्या पंखांवरून बोट फिरवलं. निळा खडा उन्हात धरला, एक डोळा मिटून त्यातून आभाळ पाहिलं.

…

मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला, आखाड्यात उतरले, पवित्रा घेतला आणि मेघदंती डोक्यावर गरगर फिरवली. एक गिरकी, दुसरी गिरकी. आणि तोंडानं आवाज, “सुंईऽऽ… सुंईऽऽ…”

गडी आ वासून बघत राहिले. वस्तादांना तोंडानं आवाज काढताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“वस्ताद…?” सौमित्र म्हणाला.

वस्ताद थांबले नाहीत. तिसऱ्या गिरकीतून त्यांचा आवाज आला.

“उद्या ये रं. आज मला खेळू दे.”