हाती नसलेले हिस्से

पूर्वी शूर्पारक बंदरात राजा कीर्तिषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सागरव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. त्या बंदरात दूरदेशी गेलेल्या जहाजांचे हिस्से विकले जात. बोधिसत्त्व हिस्से घेत आणि जहाज परतेपर्यंत स्वस्थ राहत. त्याच पेठेतला पुष्यक मात्र हाती नसलेले हिस्से विकी. ‘पौर्णिमेला देतो’ असे वचन आजच्या भावाने द्यायचे आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन ते पुरे करायचे, हा त्याचा धंदा.

एका वर्षी समुद्रावर मोठे वादळ उठले. सुवर्णभूमीला गेलेले जहाज बुडणारच असे धरून पुष्यकाने त्याचे पुष्कळ हिस्से असेच विकले. सकाळी ‘बुडाले’ अशी आवई उठे आणि भाव कोसळे. दुपारी कोणी ‘शिडे दिसली’ म्हणे, की तो पुन्हा चढे. भाव आणखी पडेल या लोभाने पुष्यक थांबून राहिला. पौर्णिमा उद्यावर आली तेव्हा भाव तिप्पट झाला होता आणि पेठेत विकायला हिस्सेच उरले नव्हते. वचन मोडणाऱ्याची बायकामुले दास म्हणून विकावीत, असा तिथला कायदा होता.

जहाज बुडाले तरच पुष्यक वाचणार होता. तो समुद्रदेवतेच्या देवळात जाऊन बसला. शेजारी एक म्हातारी हात जोडून पुटपुटत होती.

“माझा लेक आहे हो त्या जहाजावर. तुमचंही कोणी आहे का, बाबा?”

आपण याच देवतेपाशी तेच जहाज बुडू दे म्हणून मागत होतो, हे ध्यानात येताच पुष्यक जागचा उठला.

तो तडक बोधिसत्त्वांकडे गेला. “आर्य, वाचवा मला. दास्याचं भय आहेच, पण आता मला माझंच भय वाटतंय. माणसं मरावीत म्हणून मी नवस बोललो.”

बोधिसत्त्वांचा धाकटा भाऊ हळूच म्हणाला, “दादा, सगळे हिस्से आपल्याकडेच आहेत. मागाल ती किंमत देईल हा.”

“म्हणूनच मागायची नाही,” बोधिसत्त्व म्हणाले. “भ्यालेल्या माणसाकडून घेतलेला नफा मला पचायचा नाही.”

पुष्यकाने ज्या भावाने वचन दिले होते, त्याच भावाने त्यांनी हिस्से त्याच्या हवाली केले.

वचन पुरे करून पुष्यक किनाऱ्यावर म्हातारीजवळ जाऊन बसला. आता जहाज आले काय नि बुडाले काय, त्याच्या पदरात काहीच पडणार नव्हते. तरी त्याची नजर समुद्रावरून हटत नव्हती. संध्याकाळी डोलकाठी मोडलेले ते जहाज खाडीत शिरले, तेव्हा सर्वांच्या आधी कमरेइतक्या पाण्यात धावला तो पुष्यक.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या उपासकाकडे वळले. व्यापाराच्या धास्तीने त्याची झोप उडाली होती. “तेव्हाचा पुष्यक तूच. ती माता म्हणजे तुझ्यामागे बसलेली ही वृद्ध भिक्षुणी, आणि तो व्यापारी मी होतो.” भेदरलेल्याच्या भयावर नफा न घेता त्याला निर्भय करणे, हे बोधिसत्त्वांचे त्या जन्मीचे अभयदान होय.