ढालकरी श्रीपती आणि एकवीस जणांची टोळी

कोनवडी गावात श्रीपती चौगुले नावाचा एक भोळा गिरणीवाला होता. दळण छान बारीक दळायचा. पण सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करायचा. एकदा त्याची बायको अलका म्हणाली, "मी नदीवर जाऊन येते, तोवर घराकडे लक्ष ठेवा." श्रीपती रस्त्याच्या पलीकडे गेला आणि घराकडे तोंड करून बसला. शेजारची शेळी आत गेली. मेथीची जुडी खाऊन बाहेर आली. श्रीपतीने तिला जाताना आणि येताना, दोन्ही वेळा नीट पाहिलं.

दुपारी गावची वीज जायची आणि गिरणी बंद पडायची. श्रीपती पोत्यावर बसून राहायचा. ते बघून त्याचा मेहुणा सुहास याने त्याच्या मोबाइलवर एक खेळ घालून दिला. खेळाचं नाव कालदुर्ग. त्यात हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच राज्यात हिंडतात. प्रत्येकाचं तिथे एक सोंग असतं. कोणी तिरंदाज, कोणी वैद्य, कोणी ढालकरी. सगळे मिळून राक्षस मारतात आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात.

"दाजी, इथे एकट्याचा निभाव लागत नाही," सुहास म्हणाला. "आमच्या टोळीत या."

"टोळी म्हणजे, दरोडे घालता व्हय?"

"नाही हो. एकत्र लढणारी माणसं."

"भांडण कुणाशी झालंय?"

"राक्षसांशी."

"कशावरनं?"

सुहासने थोडा विचार केला आणि त्याला सरळ हेमलताताईंच्या ताब्यात दिलं.

हेमलताताई टोळीच्या प्रमुख. नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. आवाज न चढवता पन्नास पोरांना गप्प बसवायची त्यांना सवय होती. पण त्या एका जागी अडकल्या होत्या. कालदुर्गात ज्वालासुर नावाचा एक राक्षस होता. त्याला अजून कोणीच मारलेलं नव्हतं. जी टोळी त्याला पहिल्यांदा मारेल तिचं नाव राजधानीच्या वेशीवर कोरलं जाणार होतं. आणि त्याच्या गुहेचं दार एकवीस जण जमल्याशिवाय उघडत नसे. ताईंकडे वीस होते. आठ महिने वीसच होते.

श्रीपती एकविसावा.

"ये बाबा," हेमलताताई म्हणाल्या. "नवीन आहेस, तेव्हा जो भेटेल त्याच्याशी अदबीने वाग. नमस्कार कर, नाव सांग, गाव सांग."

"असं होय," श्रीपती म्हणाला. त्याने खडू घेतला आणि गिरणीच्या भिंतीवर लिहिलं, नमस्कार, नाव, गाव.

पुढे रानात त्याला दोन डोक्यांचा राक्षस भेटला. श्रीपतीने ढाल खाली ठेवली. डोकी दोन, म्हणून नमस्कारही दोन केले. मग नाव सांगितलं. गाव सांगितलं. तालुका सांगायला लागला तेव्हा तो मेला होता.

या खेळात मेलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा उठतो. ही सोय नसती तर गोष्ट इथेच संपली असती.

"अरे, तो शत्रू होता," हेमलताताई म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावर लाल काही दिसलं का तुला? लाल दिसलं की शत्रू. नमस्कार नाही, काही नाही. हाणायचं."

"असं होय," श्रीपती म्हणाला. त्याने भिंतीवरचं जुनं पिठाच्या हाताने पुसलं, कारण जुन्याने मार बसला होता. मग नवीन लिहिलं, लाल दिसलं की हाण.

दुसऱ्या दिवशी टोळी राजधानीच्या बाजारात औषधं घ्यायला गेली. औषधवाला दुकानात बसला होता. म्हातारा, पांढऱ्या मिशांचा. डोक्यावर लालभडक पागोटं. तो म्हणाला, "यावं, यावं, काय देऊ?"

श्रीपतीने त्याला गल्ल्यावरून उचलून हाणलं.

पहारेकरी धावत आले. श्रीपतीला कोठडीत घातलं आणि सगळ्या टोळीला आठवडाभर बाजार बंद झाला. औषधं नाहीत, बाण नाहीत. सुहास हेडफोनमध्ये एवढंच म्हणाला, "दाजी." 

हेमलताताईंनी दोन घोट पाणी प्यायल्याचा आवाज आला. "श्रीपती, तो तुझ्याशी बोलत होता ना? बोलणाऱ्या माणसावर हात उचलायचा नसतो. त्याचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचं, मग काय ते करायचं."

"असं होय." पुसलं. लिहिलं. सगळं बोलणं ऐकून घे.

पुढच्या रविवारी टोळी एका चेटकिणीच्या वाड्यावर चालून गेली. ढालकरी म्हणून श्रीपती सगळ्यांच्या पुढे. चेटकिणीने दोन्ही हात वर केले आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली.

"हाण तिला," हेमलताताई म्हणाल्या.

"बोलतीया अजून," श्रीपती म्हणाला.

"श्रीपती, हाण."

"होऊ दे की तिचं, ताई."

तिचं झालं. धूर निघाला. धूर गेला तेव्हा वाड्याच्या अंगणात एकवीस बदकं उभी होती. बदकांना तलवार धरता येत नाही. चेटकीण कंटाळून आत निघून गेली आणि टोळी अर्धा तास अंगणात डुलत फिरली.

"काय बोलली ते समजलं नाही," बदक झालेला श्रीपती म्हणाला. "पण बोलणं स्वच्छ होतं बाईचं."

"मंत्र होता तो," हेमलताताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शब्द सुटे सुटे येत होते. "कोणी मंत्र म्हणायला लागलं की तो पुरा होऊ द्यायचा नाही. ढाल उचलायची आणि तोंडावर मारायची. समजलं?"

"असं होय."

आता टोळीत शबाना नावाची वैद्य होती. खरीखुरी नर्सच होती ती, मिरजेतल्या एका दवाखान्यात. लढाईत कोणी घायाळ झालं की शबाना त्याच्यावर हात धरून मंत्र म्हणायची आणि तो बरा व्हायचा. टोळी जिवंत होती ती तिच्यामुळे. त्या आठवड्यात डाकूंशी गाठ पडली. श्रीपतीला तीन बाण लागले. शबाना धावली, त्याच्यावर हात धरला आणि मंत्र म्हणायला लागली.

श्रीपतीने ढाल उचलली आणि तिच्या तोंडावर मारली.

तिने पुन्हा सुरुवात केली. त्याने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती पळत पळत मंत्र म्हणत होती आणि हा तीन बाण घेऊन तिच्या मागे धावत होता. डाकू लढायचे थांबले आणि बघत राहिले. मग त्यांनी सावकाश सगळ्यांना मारलं.

"श्रीपतीदादा, मी तुम्हालाच वाचवत होते," शबाना म्हणाली.

"ते मला कसं कळावं?" श्रीपती म्हणाला. "तुम्ही पुरं कुठं केलंत?"

टोळीतले दोघेतिघे म्हणाले की याला काढा. हेमलताताईंनी हिशेब केला. काढला तर पुन्हा वीस. आठ महिने त्यांनी जाहिराती दिल्या होत्या, नातेवाइकांना विनवलं होतं, कॉलेजच्या शिपायालासुद्धा विचारलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "श्रीपती, शबाना आपला जीव आहे. तिला काही होता कामा नये. तिच्यावर काही येताना दिसलं की तू पुढे हो आणि ते अंगावर घे. काहीही असो, अंगावर घे."

"असं होय," श्रीपती म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. या वेळी त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

ज्वालासुराची आग झेलायला एकच वस्तू उपयोगी होती. आठ पायांच्या राक्षसी कोळ्यांच्या भुयारातला हिरवा शेला. तो ज्याच्या अंगावर असेल त्याची जखम आपोआप भरून येते. पण एकदा अंगावर घेतला की तो दुसऱ्याला देता येत नाही. टोळीने ठरवलं होतं, शेला शबानाला. ती जगली तर सगळे जगतील. तीन रविवार त्यांनी भुयारात कोळी मारले. तिसऱ्या रविवारी पेटी सापडली. झाकण उघडलं, उजेड पडला आणि शेला हवेत तरंगत शबानाकडे निघाला.

श्रीपतीने तो येताना पाहिला. त्याने झेप घेतली आणि शेला अंगावर घेतला.

 हेडफोनमध्ये कोणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"शबानाताईला लागलं तर नाही ना?" श्रीपतीने विचारलं.

मग हेमलताताई म्हणाल्या, "उद्या गुहेत तू ये. एकविसावा म्हणून ये. आत गेलास की डाव्या हाताच्या खांबाजवळ उभा राहा. लढू नकोस. बोलू नकोस. मी सांगेपर्यंत हलू नकोस. कोणी आलं, काही झालं, तरी हलू नकोस."

"असं होय."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकवीस जण गुहेशी जमले आणि दार उघडलं. श्रीपती डाव्या खांबाजवळ जाऊन उभा राहिला. हिरवा रेशमी शेला, खाली चिलखत. ज्वालासुर उठला. ताडाएवढा, तोंडातून जाळ. तिरंदाज पांगले, शबाना आडोशाला गेली, सगळे इकडेतिकडे पळाले. पळाला नाही असा एकच माणूस राक्षसाला दिसला. तो त्याच्याकडे गेला आणि त्याच्यावर आग ओकला.

श्रीपती जळला. शेल्याने त्याला बरं केलं. तो पुन्हा जळला, पुन्हा बरा झाला. राक्षसाने त्याला लाथ मारली, शेपटी मारली, खांबावर आपटला. श्रीपती खांबाजवळच होता. राक्षसाने मागे वळून पाहिलंच नाही, कारण समोरचं अजून संपत नव्हतं.

"मागनं मारा," सुहास ओरडला. "दाजींनी त्याला धरून ठेवलंय."

सगळे मागून मारायला लागले.

इकडे गिरणीत अलका आली. म्हणाली, "जेवायला चला."

"हलू नको म्हणून सांगितलंय," श्रीपती ओठ न हलवता म्हणाला.

"कुणी?"

"नांदेडच्या बाईंनी."

अलका त्याचं ताट झाकायला परत गेली. 

पाऊण तासाने ज्वालासुर गुडघ्यावर आला आणि कोसळला. हेडफोनमध्ये गलका झाला. कोणी हसत होतं, कोणी शिट्ट्या मारत होतं.  "श्रीपती, आता हललास तरी चालेल," हेमलताताई म्हणाल्या. "तू नसतास तर हे झालं नसतं." शबाना म्हणाली, "दादा, शेला तुम्हालाच शोभतो." श्रीपतीने पाय मोकळे केले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्याच्यामुळे झालं असं लोक म्हणायचे ते काही नुकसान झाल्यावरच.

हेमलताताईंनी तिथल्या तिथे त्याला टोळीचा किल्लेदार केलं. कोणाला टोळीत ठेवायचं आणि कोणाचं नाव काढायचं, हा अधिकार आता प्रमुखाइतकाच त्याचा. सुहास खाकरला, पण त्याला कोणी बोलू दिलं नाही.

तेवढ्यात ताईंना गुहेच्या तोंडाशी दोघे जण दिसले. लढाईभर ते तिथेच उभे होते. त्यांची सोंगं तिथे सोडून त्यांचे मालक पंगतीला गेले होते. ताई चिडल्या. "बघितलंस किल्लेदार? नुसते उभे आहेत. असल्यांनी टोळ्या बुडतात. इथून पुढे जो नुसता उभा दिसेल, काही करत नसेल, त्याचं नाव काढून टाक. मला विचारू नकोस. त्याचंही ऐकत बसू नकोस. कितीही जवळचा असो."

"कधीपासनं?" श्रीपतीने विचारलं.

"आत्तापासून."

"असं होय." त्याने भिंत पुसली आणि लिहून घेतलं. त्या दोघांची नावं काढली. चांगलं जमलं.

मग हेमलताताई म्हणाल्या, "चला, आता फोटो. वेशीवर नाव कोरण्याआधी टोळीचा फोटो लागतो. सगळे एका ओळीत या. हत्यारं खाली. आता कोणी काही करू नका, नुसते उभे राहा."

सगळे एका ओळीत आले. हत्यारं खाली ठेवली. नुसते उभे राहिले.

किल्लेदाराने ओळीकडे पाहिलं. मग डाव्या बाजूने सुरुवात केली.

टोळीतून नाव गेलं की त्या माणसाचा आवाजही हेडफोनमधून जातो. पहिले चार जण गेले तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. पाचवा म्हणाला, "अरे, हे काय..." आणि गेला. मग एकदम सगळे बोलायला लागले. श्रीपती त्यांचं ऐकत बसला नाही. शबाना म्हणाली, "दादा, मी." ती गेली. सुहास म्हणाला, "दाजी, अहो, माझ्या बहिणीची शप्पथ..." तोही गेला, कितीही जवळचा असला तरी.

राहिल्या हेमलताताई. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "श्रीपती, थांब, मी प्रमुख..."

त्याही नुसत्याच उभ्या होत्या.

हेडफोनमध्ये शांत झालं. सगळे कामाला लागले असणार, असं श्रीपतीला वाटलं. त्याने गुहेत एकवार नजर फिरवली. अजून एक जण राहिला होता. हिरवा शेला पांघरून खांबाजवळ नुसता उभा. श्रीपतीने त्याला विचारलं नाही. नियम सगळ्यांना सारखा. त्याने ते नावही काढलं.

मोबाइलवर अक्षरं आली, 'या टोळीत आता कोणीही नाही. टोळी बरखास्त करण्यात आली आहे.' राजधानीच्या वेशीवर कोरणारा छिन्नी घेऊन तयार होता. त्याने विचारलं, नाव काय. सांगायला कोणी नव्हतं.

श्रीपतीने हेडफोन काढला, अंगावरचं पीठ झटकलं आणि घरी गेला.

"आज खेळावरनं लवकर उठलात," अलका म्हणाली.

"मोठ्या हुद्द्यावर घेतलं मला," श्रीपती पाटावर बसत म्हणाला. "पण काम फार नाही. पहिल्याच दिवशी सगळं संपलं."