सगुणाबाईच्या दारातलं गाणं

पळसमाळ हे नगरकडचं, उजाड माळावरचं गाव. तिथल्या लहानशा दगडी ख्रिस्ती देवळात येरोमबाबा धर्मगुरू म्हणून राहायला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी आणि एक तांब्या एवढंच होतं. पायांत वहाण नसे. कुणाच्याही चुलीपुढे बसून चटणी-भाकरी खात. पण केवढा अधिकार! बाबांनी गुडघे टेकले की देवाला कान द्यावाच लागतो, अशी भाविकांची खात्री होती.

गावात नाताळची एक चाल होती. आदल्या आठवड्यात गायनमंडळी पेटी-ढोलकी घेऊन दारोदार जन्मगीतं गात. पुढे दोघांच्या हातांत मोठं डालगं असे. ज्या दारात गाणं होई, त्या घरानं धान्य, लुगडं, जमेल ते त्यात घालावं आणि नाताळच्या उपासनेनंतर ते गरिबांना वाटावं. चाल सोन्यासारखी, तिला कीड लावली लाजरस पंचांनी. पंच गायनमंडळीचे पुढारी, गळा गोड आणि ताठा त्याहून मोठा. त्यांनी दोन नियम घालून दिले. घेणाऱ्यानं वाकून घ्यायचं आणि 'देव तुमचं भलं करो' असं सगळ्यांदेखत म्हणायचं. आणि घेणाऱ्याच्या दारात गाणं नाही.

सगुणाबाई गोधड्या शिवून पोट भरणारी विधवा. नवरा गेल्यापासून तीन नाताळ गाणं तिच्या दारावरून मुकाट्यानं पुढे गेलं होतं. ज्वारी मिळे, गाणं मिळत नसे, आणि तिचा जीव तर त्या गाण्यासाठी तुटे. देव आपल्या दारावरूनही असाच पुढे जात असेल का, हा विचार तिला पोखरायचा. शेवटी तिनं ठरवलं, आपणही द्यायचं. वर्षभर उरलेसुरले तुकडे जपून तिनं एक जाडजूड गोधडी शिवली आणि देवळाच्या अंगणात पंचांना गाठलं.

"पंच, औंदा माझ्या दारात या. माझं दान तयार हाये."

पंच हसले. "चिंध्यांचं दान? सगुणा, घेणाऱ्यानं घ्यावं अन् गुमान राहावं. तुझ्या दारात गाऊन मंडळीची शोभा करू व्हय?"

भोवती जमलेली गायनमंडळी फिदीफिदी हसली. सगुणाबाईच्या घरी दोन दिवसांपुरतंच पीठ होतं, तरी ती म्हणाली, "मग ऐका. औंदा मी वाकायची न्हाई आन तुमची ज्वारीबी घ्यायची न्हाई."

तिथून ती तडक बाबांकडे गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी पंचांना हुकूम करू शकतो, बाई. पण हुकमाचं गाणं हवंय का तुम्हाला?"

"न्हाई बाबा. तसलं नगं."

"मग घरी जा आणि दार उघडं ठेवा," बाबा म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी वेदीपुढे गुडघे टेकले. "देवा, तुला जिथं गाणं ऐकायचंय, तिथंच यांचा आवाज फुटू दे."

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलायच्या आधीच मंडळी निघाली. बाबा अनवाणी मागून चालत होते. पहिलं दार पंचांचंच. पंचांनी खाकरून तोंड उघडलं, आणि आवाज नाही! मंडळींनी सूर धरला, तर ओठ हलले नुसते. पेटीचा भाता फुगत होता, स्वर निघत नव्हता. ढोलकीवर थाप पडे ती जणू कापसावर. पंचांच्या बायकोनं सगळ्यांना हळद-दूध पाजलं. पुढच्या दोन दारांत तीच गत. इतरांना बोलता तरी येत होतं, पंचांच्या तोंडून तर शब्दही उमटेना. ते घामाघूम झाले.

तेव्हा बाबा पुढे आले. "घेणाऱ्याच्या दारात तुम्ही गात नाही म्हणे. मग बेथलेहेमात तुम्ही कुठं गायला असता? त्या गोठ्यात सगळे घेणारेच होते. आईनं उसना चाराही घेतला बाळाच्या अंगाखाली."

पंचांनी मान खाली घातली आणि त्यांचे पाय आपसूक सगुणाबाईच्या घराकडे वळले.

ती उघड्या दारात उभी होती, छातीशी गोधडी धरून. मंडळी थांबली तशी ती म्हणाली, "आधी माझं दान घ्या, मग गा. कीव म्हनून गाणार असाल तर आल्या वाटंनं जावा."

डालगं धरलेले दोघे पुढे सरकले, पण पंचांनी त्यांना हातानं मागे सारलं. स्वतः पुढे झाले, दोन्ही हात पसरून कमरेत वाकले. गोधडी हातांवर आली आणि दुपारपासून मिटलेला तो गळा उघडला.

"देव तुमचं भलं करो, सगुणाबाई."

पंचांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते तसेच वाकलेले होते.

"सरळ व्हा, पंच," सगुणाबाई म्हणाली. "माझ्या दारात कुनी वाकून घेत न्हाई."

मग पेटी बोलली, ढोलकी घुमली, आणि असं गाणं झालं की शेजारपाजारचे हातातलं काम टाकून आले. सगुणाबाई उंबऱ्यावर बसून डोळे मिटून ऐकत होती. तीन वर्षांचं राहिलेलं ऐकत होती.

गाणं संपल्यावर पंचांनी बाबांच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी त्यांना उठवलं आणि विचारलं, "आता कुठं?"

"ज्यांना वाकवलं त्यांच्या दारात, बाबा," पंच म्हणाले, आणि गोधडी डालग्यात सगळ्यांत वर ठेवून पुढे निघाले.