आदेश मोगीनं वाचला

सातपुड्यातल्या भोकरपाड्याच्या शाळेत सुरूपा वळवी बाईंनी इयत्ता बाजूला ठेवून मुलं बसवली. पाचवीतल्या ज्या मुलांना अक्षरं येत नव्हती, ती पहिलीच्या पोरांबरोबर अक्षरं गिरवू लागली. डिसेंबरात ही बातमी तालुक्याला पोचली, तसे गटशिक्षणाधिकारी डांगेसाहेब लेखी आदेश घेऊनच आले.

"पाचवीच्या मुलानं पाचवीचंच पुस्तक वाचायचं," ते म्हणाले. "आजच्या आज मुलं आपापल्या वर्गात बसवा, नाहीतर निलंबनाला तयार राहा."

बाई म्हणाल्या, "साहेब, आदेश मुलांसाठी आहे, तर मुलांनाच वाचू द्या."

"हीसुद्धा पहिलीच्या पोरांत बसायची," म्हणत त्यांनी पाचवीतल्या मोगीला बोलावलं. 'उपरोक्त विषयान्वये'पासून साहेबांच्या सहीपर्यंत मोगीनं सगळा कागद खणखणीत वाचला, एकदाही न अडखळता.

"मुलगी हुशार आहे," साहेब म्हणाले. "हिला कशाला पहिलीत बसवलंत?"

"जूनमध्ये हिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, साहेब. तेव्हा तुमच्या नियमानं बसवली असती, तर आज तुमचा आदेश हिनं वाचला असता का?"

साहेबांनी कागद परत घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

"बाई, सोमवारी तालुक्याला या," ते म्हणाले. "सगळ्या शिक्षकांना हे शिकवा."